मुलाखतीआधी पोटात गोळा का येतो?

कंपनीच्या स्वागतकक्षात सात-आठ मुलं-मुली रांगेत बसलेली असतात. कुणी मांडीवरच्या फाइलमधल्या गुणपत्रिका चौथ्यांदा क्रमानं लावतं, कुणी पाण्याची बाटली सारखी तोंडाला लावतं, कुणी दबक्या आवाजात स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून घेतं. आतून नाव पुकारलं जातं आणि काल रात्री घडाघडा म्हणता येणारं ‘स्वतःविषयी सांगा’चं उत्तर दाराशी पोहोचेपर्यंत विरून जातं. मुलाखत संपवून जिना उतरताना मात्र ते शब्दन् शब्द आठवतं.

या अवस्थेसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडतं, त-त-प-प होतं. विशेष म्हणजे हे सगळे वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या कसोटीवर खरे उतरतात. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात पळू लागतं. पचनसंस्थेकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, म्हणून पोटात ओढल्यासारखं होतं. लाळ कमी आणि घट्ट होते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून तळहात गार आणि त्याच वेळी ओले. ‘लढा किंवा पळा’ अशा तयारीचं हे वर्णन अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वीच केलं होतं. अडचण एवढीच, की मुलाखतीच्या खोलीत लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. तिथे खुर्चीवर बसून नीट वाक्यं बोलायची असतात.

माणसाला प्रयोगशाळेत हमखास ताण कसा द्यायचा, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बराच काळ छळत होता. बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावणं, कोडी सोडवायला देणं, असे उपाय होते. पण ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल त्यातून दरवेळी भरवशानं वाढत नसे. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या क्लेमेन्स किर्शबाउम, कार्ल-मार्टिन पिर्के आणि डिर्क हेलहामर यांनी एक कसोटी मांडली. ती आज जगभर ‘ट्रिअर सामाजिक ताण कसोटी’ म्हणून वापरली जाते. तिचा गाभा काय असावा? नोकरीची मुलाखत!

सहभागी व्यक्तीला थोडा वेळ तयारीला मिळतो. मग तिला परीक्षकांसमोर उभं राहून, या पदासाठी मीच कसा योग्य हे पाच मिनिटं सांगायचं असतं. परीक्षक हसत नाहीत, मान डोलावत नाहीत. बोलणं लवकर संपलं तर थंडपणे सांगतात, ‘अजून वेळ शिल्लक आहे, बोला.’ त्यानंतर १०२२ मधून १३ वजा करत जायचं. १००९, ९९६, ९८३... चूक झाली की पुन्हा १०२२ पासून. एवढ्यानं लाळेतलं कॉर्टिसॉल दोन ते चार पट वाढतं, असं मूळ प्रयोगांत दिसलं. म्हणजे धडधाकट माणसाला खात्रीनं घाम फोडायचा तर त्याची मुलाखत घ्या, हे शास्त्रानं मान्य केलेलं आहे. आपला मुलगा किंवा मुलगी मुलाखतीला घाबरते म्हणून तिला ‘कच्च्या मनाची’ ठरवणाऱ्या घरच्या मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पुढे २००४ मध्ये सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कधी वाढतं? दोन गोष्टी एकत्र आल्या की. एक, दुसरं कुणी तरी आपलं मोजमाप करत आहे ही जाणीव, आणि दोन, परिस्थिती आपल्या हातात नाही ही भावना. २०१३ मध्ये जर्मन संशोधकांनी याच कसोटीचा ‘मैत्रीपूर्ण’ अवतार करून पाहिला. तिथे परीक्षक हसरे, गप्पा मोकळ्या, वजाबाकी नाही. बोलायचं तितकंच, पण कॉर्टिसॉल वाढलं नाही. म्हणजे भीती बोलण्याची नसते, तोललं जाण्याची असते. परीक्षकांचे चेहरे आपल्या हातात नाहीत. पण ‘माझ्या हातात काहीच नाही’ हा दुसरा भाग तयारीनं पुष्कळ कमी करता येतो. कुठल्या तयारीनं, हा खरा प्रश्न.

बहुतेक जण वाचून तयारी करतात. इंटरनेटवरून ‘५० संभाव्य प्रश्न व उत्तरं’ उतरवून घ्यायची, ती पिवळ्या पेनानं रंगवायची, रात्री तीनदा वाचायची. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आपल्याला ते येतं असा समज होतो. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. आणि वाढलेलं कॉर्टिसॉल नेमका आठवण्यावरच घाला घालतं. जिन्यात उत्तर आठवतं याचा अर्थ ते डोक्यात होतं. आतल्या दहा मिनिटांत ते बाहेर काढण्याची वाट बंद झाली होती.

या बाबतीत अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा २०१६ चा एक प्रयोग फार उपयोगाचा आहे. १२० जणांना काही शब्द किंवा चित्रं लक्षात ठेवायला दिली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, निम्म्यांनी न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या काहींना परीक्षकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून ताण दिला. नुसतं पाहिलेल्यांची आठवण ताणाखाली घसरली. आठवण्याचा सराव केलेल्यांना मात्र ताणानं फारसा फरक पडला नाही.

याचा घरगुती अर्थ सरळ आहे. उत्तरं वाचू नका, बोला. कागद पालथा ठेवून, मोठ्यानं, कुणाच्या तरी समोर. समोर बसणारा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. धाकटी बहीण, सोसायटीतले निवृत्त काका, खोलीतला मित्र, कुणीही चालेल. त्याला फक्त एक विनंती करा: हसायचं नाही, मान डोलवायची नाही, आणि उत्तर संपल्यावर पाच सेकंद गप्प बसायचं. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, तिसऱ्या-चौथ्या वेळी त्या शांततेची सवय होते. हा सराव एकाच रात्री सहा वेळा करण्यापेक्षा सहा दिवसांत रोज एकदा केलेला चांगला. स्मृती पक्की व्हायला मधली झोप लागते. आणि उत्तर शब्दशः पाठ करू नये. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढची सगळी मालगाडी घसरते. मुद्दे पक्के असावेत, वाक्यं दरवेळी वेगळी आली तरी हरकत नाही.

मुद्दे कुठून येणार? तुम्ही स्वतः लिहून पाठवलेल्या कागदातून. मुलाखत घेणाऱ्याच्या समोर तेवढाच एक कागद असतो आणि त्याचे निम्मे प्रश्न त्यावरच बेतलेले असतात. म्हणून सीव्ही लिहिणं ही मुलाखतीच्या तयारीची पहिली पायरी आहे, सायबर कॅफेत दुसऱ्याच्या फाइलमध्ये नाव बदलून उरकण्याचं काम नाही.

आपल्याकडे ‘बायोडाटा’ या शब्दानं थोडा घोळ केला आहे. लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा आपण एकाच साच्यातून काढतो. वडिलांचं नाव आणि व्यवसाय, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, कधी कधी उंचीसुद्धा! सरकारी अर्जात जे विचारलं असेल ते भरावंच लागतं, पण खासगी नोकरीच्या सीव्हीत यातल्या बहुतेक गोष्टींचं काही काम नसतं. ती जागा कामाच्या तपशिलाला द्यावी. फ्रेशरसाठी एक पान, अनुभवी माणसासाठी दोन पुरेत. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकप्रणाली वाचते. रंगीत चौकटी, तक्ते, चित्रं यांतला मजकूर तिला कधी कधी नीट वाचता येत नाही. त्यामुळे साधी मांडणी आणि जाहिरातीत कौशल्याला जो शब्द वापरला असेल तोच शब्द, हे बरं. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि सीव्हीवर एकच आहे ना, हेही पाहून घ्यावं. आईच्या नावासह, आईच्या नावाशिवाय, ‘राव’ लावून, ‘राव’ गाळून अशी चार नावं झाली की कागदपत्रं पडताळणीच्या वेळी मनस्ताप होतो.

मजकुराची एक कसोटी सांगतो. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारा, यावर मला दोन मिनिटं बोलता येईल का? ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावना असलेला’ यावर काय बोलणार? समजा, एखाद्या पदविकाधारकानं त्याऐवजी लिहिलं, ‘चाकणच्या कारखान्यात सहा महिने ॲप्रेंटिस, रोज ४० सुट्या भागांची मापं तपासून नोंद ठेवली’, तर त्यावर बोलण्यासारखं खूप आहे. माप कशानं घेतलं, चुकीचा भाग सापडला तर काय केलं, सुपरवायझरनं ऐकलं नाही तेव्हा काय झालं. एखाद्या परिचारिकेनं ‘रुग्णसेवेची आवड’ लिहिण्यापेक्षा ‘२२ खाटांच्या वॉर्डात रात्रपाळी, दोघीजणी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. छंदात ‘वाचन’ लिहिणार असाल तर शेवटचं वाचलेलं पुस्तक आठवत असू द्या. हा प्रश्न हटकून येतो आणि भलेभले इथे गडबडतात.

सर्वांत अवघड ओळ असते ती रिकाम्या वर्षांची. महाराष्ट्रात ही अडचण घरोघरी आहे. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या तयारीत तीन-चार वर्षं घालवून खासगी नोकरीकडे वळणारी मुलं, बाळंतपणानंतर किंवा सासू-सासऱ्यांच्या आजारपणात घरी थांबलेल्या बायका, यांना सीव्ही लिहिताना त्या जागी येऊन अडखळायला होतं. मग कुणी तारखा पुढे-मागे करतं, कुणी मित्राच्या दुकानाचा खोटा अनुभव दाखवतं. हे करू नये. एक तर पडताळणीत ते उघड होतं. पण ताणाच्या दृष्टीनं पाहिलं तरी ते महागात पडतं. लपवलेली गोष्ट सांभाळत बोलणं हे मेंदूवरचं जादा ओझं आहे, आणि मुलाखतीत आधीच तिथे गर्दी झालेली असते. ‘२०२०-२३ : राज्यसेवा परीक्षेची तयारी, पूर्वपरीक्षा दोनदा उत्तीर्ण, याच काळात आठवी-नववीच्या शिकवण्या’ ही सन्मानाची ओळ आहे. ती तशीच लिहावी आणि ती मोठ्यानं म्हणण्याचा सराव इतर ओळींपेक्षा जास्त करावा.

आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूकडे पाहू. समोरच्याला पाहताक्षणी ओळखतो, असं मानणारे मुलाखतकार खूप असतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेसन डॅना आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात काही उमेदवारांना एका सांकेतिक नियमानं, म्हणजे जवळजवळ छापा-काटा करून, हो-नाही अशी उत्तरं द्यायला सांगितलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांना त्याचा पत्ता लागला नाही. उलट, उमेदवार आपल्याला कळला असंच त्यांना वाटत राहिलं. गप्पांच्या ओघात घेतलेल्या मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज फारसा बांधता येत नाही. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतींचा अंदाज बराच बरा असतो. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या फेरहिशेबात, शून्य म्हणजे निव्वळ नशीब आणि एक म्हणजे अचूक अंदाज असं मानलं तर, बांधीव मुलाखतीला ०.४२ आणि मोकळ्या मुलाखतीला ०.१९ असे आकडे मिळाले. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गटाच्या आणि अराजपत्रित ‘ब’ गटाच्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या. त्यामागे वशिलेबाजीची तक्रार होती, पण शास्त्राचा कौलही फार वेगळा नाही. नकार आला म्हणजे आपली लायकी मोजली गेली, असं समजणाऱ्यांनी हे आकडे एकदा नजरेखालून घालावेत.

काही नकार तर खोलीच्या दारापर्यंतही पोहोचू देत नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांमधल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना शिक्षण आणि अनुभव सारखेच, पण आडनावं वेगळी असे अर्ज पाठवले होते. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण साधारण दोन तृतीयांश निघालं, मुस्लीम नावाला साधारण एक तृतीयांश. याला कुठलाही श्वसनाचा व्यायाम उत्तर देत नाही. ते काम कंपन्यांचं आणि कायद्याचं आहे. उमेदवारानं तो दोष स्वतःच्या माथी घेऊ नये, एवढंच इथे म्हणता येतं.

धडधड थांबवायची कशी, हा प्रश्न मात्र सगळे विचारतात. थांबवूच नये, असं एक उत्तर आहे. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असं म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त चांगली वाटली. कारण पळत्या हृदयाला एकदम शांत करणं अवघड, पण त्याच धडधडीला दुसरं नाव देणं सोपं. उलट, दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहिलं की संप्रेरकं बदलतात, हा गाजलेला दावा टिकला नाही. २०१० चा तो प्रयोग ४२ जणांवर होता. २०१५ मध्ये २०० जणांवर करून पाहिला तेव्हा संप्रेरकांत फरक आढळला नाही, आणि मूळ प्रयोगातल्या प्रमुख संशोधिकेनंच पुढे त्यावरचा विश्वास काढून घेतला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत तो अजून शिकवला जातो!

श्वासाचा उपाय मात्र शरीरशास्त्राला धरून आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. त्यामुळे घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घेत पाच-सात श्वास सावकाश घेतले की ठोके खाली येऊ लागतात. हे बाहेरच्या खुर्चीवर बसून, कुणाला कळू न देता करता येतं. आणखी एक दिलासा म्हणजे, आपली घाबरगुंडी समोरच्याला आपल्याला वाटते तेवढी दिसत नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या अमांडा फायलर आणि डेबोरा पॉवेल यांनी सरावाच्या मुलाखतींचं चित्रण तपासलं, तेव्हा कपडे सारखे करणं, चुळबुळ करणं अशा गोष्टींपेक्षा आपुलकी आणि ठामपणा कमी जाणवणं उमेदवाराला जास्त नडताना दिसलं. हात थरथरतोय का, याकडे लक्ष देण्यापेक्षा समोरच्याचा प्रश्न पूर्ण ऐकण्याकडे ते वळवलेलं बरं. उत्तर सुचत नसेल तर ‘एक क्षण विचार करून सांगतो’ असं म्हणायला हरकत नसते.

त्या दिवशीच्या खाण्यापिण्याबद्दल थोडं. रिकाम्या पोटी जाऊ नये. पोहे, उपमा, इडली असं रोजचंच काही तरी खावं; नवा प्रयोग नको. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नाश्ता चुकवूच नये, कारण साखर उतरल्याची लक्षणं, म्हणजे घाम, थरथर आणि गोंधळ, घबराटीसारखीच दिसतात. सवयीपेक्षा जास्त चहा-कॉफी टाळावी. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे रात्री उशिराची कॉफी झोप मोडते आणि सकाळची जादा कॉफी धडधडीत भर घालते. हल्ली काही जण मित्राच्या सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेऊन मुलाखतीला जातात. ती हृदयाचे ठोके कमी करते हे खरं, पण दम्याच्या रुग्णाला ती धोक्याची आहे आणि रक्तदाब किंवा ठोके आधीच कमी असलेल्यालाही. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय तिला हात लावू नये.

बाहेर पडल्यावर लगेच घरून फोन येतो, ‘कशी झाली?’ वाढलेलं कॉर्टिसॉल मुलाखत संपल्यानंतरही काही मिनिटं वरच असतं आणि पूर्ववत व्हायला तासभर लागू शकतो. त्या तासात दिलेलं उत्तर बहुधा वस्तुस्थितीपेक्षा काळं असतं. आई-बाबांनी तेवढा वेळ ‘जेवलास का?’ एवढंच विचारावं. संध्याकाळी मात्र वहीत आज विचारलेले प्रश्न लिहून काढावेत आणि जिथे अडलं त्या उत्तराचा सराव दुसऱ्या दिवसापासून सुरू करावा. पाच-सहा मुलाखतींनंतर त्या वहीत तेच ते प्रश्न फिरून येताना दिसतात. झोप उडणं, भूक मरणं, मुलाखतीचं नाव काढलं तरी उलटी होणं, घराबाहेर पडावंसं न वाटणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर मात्र ते सरावानं सुटणारं नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं, किंवा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं.